एकाच सड्यावर दोन प्रश्न: राजापूर तालुक्यातल्या एका ग्रामसभेचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

हे गाव रत्नागिरी जिल्ह्याच्या राजापूर तालुक्यात, जैतापूरच्या खाडीपासून फार लांब नाही. गाव ओळखू येऊ नये म्हणून नाव आणि काही तपशील बदलले आहेत. वर कातळाचा सडा, म्हणजे उघडं खडकाळ पठार, उतारावर हापूस आणि काजू, खाली भाताचे मळे, खाडीच्या अंगाला मच्छीमारांची वाडी आणि सड्याच्या पलीकडच्या टोकाला धनगरवाडा. सातबाऱ्यावर ज्यांची नावं आहेत त्यातले बहुतेक चाकरमानी. गणपती आणि शिमगा सोडला तर ते मुंबईतच असतात.

जैतापूर अणुप्रकल्पाचा इतिहास या भागाला पाठ आहे, तरी पुढचं समजायला थोडक्यात सांगतो. माडबन आणि आसपासच्या गावांतली सुमारे ९३८ हेक्टर जमीन घेण्याची प्रक्रिया २००६ च्या सुमारास सुरू झाली. नोव्हेंबर २०१० मध्ये ३५ अटींसह पर्यावरण मंजुरी मिळाली आणि डिसेंबरात फ्रान्सच्या अरेवा कंपनीशी करार झाला. योजना होती ईपीआर या नव्या युरोपीय पद्धतीच्या, प्रत्येकी १,६५० मेगावॉटच्या सहा अणुभट्ट्यांची, एकूण ९,९०० मेगावॉट. पुढच्याच मार्चमध्ये जपानात फुकुशिमा घडलं. एप्रिल २०११ मध्ये साखरी नाटे इथे पोलिसांच्या गोळीबारात एका तरुण मच्छीमाराचा जीव गेला. २०१३ मध्ये राज्य सरकारने भरपाई हेक्टरी साडेबावीस लाखांपर्यंत वाढवली आणि बऱ्याच खातेदारांनी धनादेश घेतले. अरेवा पुढे आर्थिक अडचणीत आली आणि तिचा अणुभट्ट्यांचा कारभार ईडीएफ या फ्रान्सच्या सरकारी वीज कंपनीकडे गेला. एप्रिल २०२१ मध्ये ईडीएफने आपला तांत्रिक आणि व्यापारी प्रस्ताव दिला. माडबनच्या सड्यावर मात्र एकही अणुभट्टी उभी राहिली नाही.

या गावाची जमीन त्या संपादनात गेली नाही. पण अणुकेंद्राभोवती १६ किलोमीटरचा जो आपत्कालीन नियोजनाचा पट्टा आखतात, त्यात गाव येतं. त्यामुळे ग्रामसभा वर्षानुवर्षं विरोधाचा ठराव करत आली. ठरावाचं शेवटचं वाक्य ठरलेलं असे: ‘अणुऊर्जा नको, त्याऐवजी सौर व पवन ऊर्जा द्यावी.’

अडचण

२०२३ च्या हिवाळ्यात ग्रामसभेच्या नोटिशीवर दोन विषय लागोपाठ आले. पहिला, अणुप्रकल्पाविरुद्धचा ठराव नव्याने करणे. दुसरा, गावच्या सड्यावरची सुमारे ४० हेक्टर जमीन सौर प्रकल्पासाठी भाडेपट्ट्याने मागणाऱ्या एका खासगी कंपनीचा अर्ज. जमीन खासगी मालकीची होती. पण रस्ता, पाणी आणि ना-हरकत दाखल्यासाठी कंपनीला ग्रामपंचायत सोबत हवी होती.

पहिला विषय दोन मिनिटांत संपेल असं सगळ्यांनी धरलं होतं. दुसऱ्या विषयाचं वाचन झालं आणि धनगरवाड्यावरच्या एक आजी उठल्या. “इतकी वर्षं म्हणत होता सौर आणा. आता आली, तर माझ्या म्हशी चरायला कुठं नेऊ?” सभेत कुणाकडेच उत्तर नव्हतं. मच्छीमार सोसायटीचे चेअरमन त्यांच्या बाजूने उभे राहिले, याचं काहींना आश्चर्य वाटलं. मला वाटलं नाही. अणुप्रकल्पाच्या भरपाईच्या पहिल्या हिशेबात जमीनदार होते, कुळं होती, पण समुद्रावर पोट भरणाऱ्याचा सातबारा कुठून आणणार? सौर कंपनीच्या हिशेबातही भाडं मिळणार होतं खातेदाराला, आणि तो बसला होता डोंबिवलीत. सड्यावर रोज पाय ठेवणाऱ्या बाईच्या नावावर तिथलं काहीच नव्हतं.

सरपंच ताईंनी दोन्ही विषय पुढे ढकलले आणि एक समिती नेमली: पंचायतीचे दोन सदस्य, निवृत्त मास्तर, बचत गटाच्या अध्यक्षा, सोसायटीचे चेअरमन आणि धनगरवाड्यावरच्या त्याच आजींची सून. माहिती गोळा करायला आम्हा बाहेरच्यांना बोलावलं. त्यात एक निवृत्त वीज अभियंता, एक महसूल खात्यातून निवृत्त झालेले मंडळ अधिकारी आणि मी.

निर्णयाचा पहिला टप्पा: दोन विषय वेगळे ठेवायचे की एकत्र?

मास्तरांचा आग्रह होता की ठराव नेहमीसारखा करून टाकावा आणि सौरचं निवांत बघावं. त्यामागे तर्क होता. आंदोलनात ज्यांनी गुन्हे अंगावर घेतले, तारखांना खेटे घातले, त्यांना ठराव अडल्याचं ऐकून वाईट वाटलं असतं. पण समितीने उलट ठरवलं. प्रश्नांची एकच यादी करायची आणि ती दोन्ही प्रकल्पांना लावायची: धोका कुणावर येतो, पैसा कुणाला मिळतो, पाणी कुठून घेणार आणि कुठे सोडणार, काम संपल्यावर साहित्य कोण उचलणार, आणि अपघात झाला तर सांगणार कोण?

या सगळ्या प्रकरणातला सगळ्यात चांगला निर्णय मी यालाच मानतो. एका प्रकल्पाला सैतान आणि दुसऱ्याला देव मानून बसलं की दोघांनाही प्रश्न विचारले जात नाहीत.

सुरक्षिततेची चर्चा

शाळेच्या वर्गात फळ्यावर सुरुवात फुकुशिमापासून केली, कारण लोकांच्या मनात तेच होतं. ११ मार्च २०११ च्या भूकंपात तिथल्या चालू अणुभट्ट्या आपोआप बंद झाल्या होत्या. मग सुमारे १४-१५ मीटर उंचीची लाट आली, डिझेल जनरेटर बुडाले आणि वीजच नसल्याने भट्टीचा गाभा थंड ठेवणं अशक्य झालं. बंद केलेली भट्टीसुद्धा कित्येक दिवस उष्णता देत राहते, तिला सतत पाणी लागतं. ही गोष्ट अनेकांना पहिल्यांदाच कळत होती. तीन भट्ट्यांचे गाभे वितळले आणि लाखाच्या वर माणसांना घरं सोडावी लागली.

मग माडबन. तिथला सडा समुद्रसपाटीपासून सुमारे २५ मीटर उंच आहे. ईपीआरमध्ये एकमेकांपासून स्वतंत्र अशा चार सुरक्षा यंत्रणा असतात, दुहेरी कवच असतं आणि गाभा वितळलाच तर तो पसरून थंड व्हावा म्हणून खाली खास जागा असते. लाटेची भीती इथे तितकीशी लागू पडत नाही, हे मी स्पष्ट सांगितलं. कोळशाच्या धुराने दर युनिट विजेमागे जितकी माणसं मरतात, त्यापुढे अणुऊर्जेचे बळी फारच कमी आहेत, चेर्नोबिल आणि फुकुशिमा धरूनही. सौर आणि पवन याच कमी धोक्याच्या रांगेत बसतात. तारापूरला १९६९ पासून अणुवीज तयार होते आहे, हेही सांगितलं. दोन-तीन जण चिडून उठून गेले. त्यांचा राग मला समजतो. पण गावाला खरी माहिती द्यायची तर आपल्या बाजूला न सोयीची असलेलीही द्यायला हवी.

मागे बसलेल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप काढला. त्या रात्री त्यांच्या घराची भिंत गेली होती. भूकंपक्षेत्राच्या नकाशावर तज्ज्ञांमध्ये वाद होऊन गेले आहेत, पण त्या भिंतीबद्दल वाद घालण्यात अर्थ नव्हता. हा प्रश्न यादीत गेला.

मग गावाचे स्वतःचे प्रश्न निघाले, आणि ते भट्टीच्या पोटातले नव्हते. गावातून बाहेर पडायला धड रस्ता एकच, तोही पावसाळ्यात दरड आली की बंद. १६ किलोमीटरच्या पट्ट्यातली माणसं हलवायची वेळ आली तर एसटी कुठल्या वळणावर उभी राहणार? किरणोत्सर्ग झाला तर घ्यायच्या आयोडीनच्या गोळ्या कुठे ठेवणार, उपकेंद्रात की तालुक्याला? चेअरमनांचा प्रश्न समुद्राचा होता. थंडाव्यासाठी घेतलेलं पाणी परत सोडताना समुद्राच्या पाण्यापेक्षा ५ अंशांहून जास्त गरम नसावं, अशी मंजुरीतली अट आहे. “मोजणार कोण, आणि आकडा आमच्या बंदरावर लावणार का?” शिवाय बंदोबस्ताच्या पट्ट्यामुळे होडीला वळसा पडला तर वाढलेलं डिझेल कुणाच्या खात्यावर?

याला ‘भीती’ म्हणून बाजूला सारता येत नाही. हे कारभाराचे प्रश्न आहेत, आणि त्यांची उत्तरं लेखी असावी लागतात.

आकड्यांची चर्चा

निवृत्त अभियंत्यांनी फळ्यावर दोन हिशेब मांडले. गावचा ४० हेक्टर सडा म्हणजे साधारण १०० एकर. एका मेगावॉटला चार एकर धरले तर २५ मेगावॉट. कोकणातला पाऊस धरून वर्षाकाठी सुमारे ४ कोटी युनिट. जैतापूरच्या सहाही भट्ट्या ८० टक्के क्षमतेने चालल्या तर दिवसाला १९ कोटी युनिट. म्हणजे सड्याची वर्षभराची वीज त्यांनी जेमतेम पाच-सव्वापाच तासांत तयार केली असती. तेवढीच वार्षिक वीज सूर्यापासून घ्यायची तर ४०,००० मेगावॉटच्या आसपास सौर क्षमता आणि त्यासाठी साठ हजार हेक्टरांहून जास्त जागा लागेल, शिवाय रात्रीसाठी साठवण वेगळी.

वर्गात शांतता पसरली. ‘त्याऐवजी सौर’ हे वाक्य किती मोठं आहे, हे तेव्हा लोकांना कळलं.

मग त्यांनी दुसरी बाजू लिहिली, आणि माझ्या मते तीच निर्णायक आहे. २०१० मध्ये करार झाला तेव्हा जगात एकही ईपीआर चालू नव्हती. फिनलंडच्या ओल्किलुओटोचं काम २००५ ला सुरू झालं, २००९ ला पूर्ण व्हायचं होतं, नियमित वीज मिळाली एप्रिल २०२३ मध्ये. फ्रान्समधल्या फ्लामानव्हिलचा अंदाज ३.३ अब्ज युरोंचा होता, तो १३ अब्जांच्या पुढे गेला. जैतापूरच्या वाट्याला आजवर शून्य युनिट. याच काळात भारताची सौर क्षमता जवळपास नगण्य होती ती ७०,००० मेगावॉटच्या वर गेली. अणुऊर्जेची मात्र त्या हिवाळ्यात ७,४८० मेगावॉट होती. डिसेंबर २०२० मध्ये गुजरातच्या एका लिलावात सौर विजेची बोली युनिटला १ रुपया ९९ पैशांपर्यंत खाली आली.

माझं स्वतःचं मत लपवत नाही. कोळसा सोडायचा असेल तर रात्री आणि पावसाळ्यात टिकणारी वीज लागेल, आणि त्यात अणुऊर्जेला जागा आहे. देशी बनावटीच्या ७०० मेगावॉटच्या भट्ट्या गुजरातमधल्या काक्रापारला उभ्या राहिल्या आहेत. दुसरीकडे कोकणाच्याच माथ्यावर घाटघरचा २५० मेगावॉटचा उदंचन प्रकल्प पाणी वर चढवून वीज साठवतो, तशी कामं वाढायला हवीत. पण कुठेही चालवून न पाहिलेल्या सहा प्रचंड भट्ट्या एकाच किनाऱ्यावर मांडण्याचा निर्णय चुकीचा होता. त्यापायी इथल्या माणसांची वर्षंच्या वर्षं टांगणीला लागली.

सड्यावरचा दिवस

कागद पाहून झाल्यावर समिती सड्यावर गेली. सातबाऱ्यावर ही जमीन वरकस आणि पोटखराब, म्हणजे हलकी आणि लागवडीला न येणारी. कंपनीच्या नकाशात ‘ओसाड’. माडबनच्या सड्यालाही तेव्हा हाच शब्द लावला होता.

आजींच्या सुनेने चालता चालता दाखवलं. हा खळगा, यात भाद्रपदापर्यंत पाणी राहतं आणि म्हशी डुंबतात. इथलं गवत कापून वैरण करायची. ही पाखाडी, दगडी पायवाट, खालच्या दोन वाड्यांची. हा पऱ्या, म्हणजे ओढा, इथे उगम पावतो आणि मळ्यातल्या विहिरी त्याच्यावर आहेत. एका जागी वाळत घातलेलं गवत बाजूला केलं तर खाली कातळात कोरलेली आकृती निघाली, हातभर लांबीचा मासा आणि त्याच्या कडेला चौकटी. लोक पांडवांनी कोरलं म्हणतात. कोकणातल्या अशा कातळशिल्पांची काही ठिकाणं २०२२ मध्ये युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली आहेत. इथलं चित्र कुठल्याच यादीत नव्हतं.

मंडळ अधिकाऱ्यांनी जागेवरच कच्चा नकाशा काढला. सर्व्हे नंबर एका रंगात, वापर दुसऱ्या रंगात. दोन्ही रंग फार थोड्या ठिकाणी जुळत होते.

समोर असलेले पर्याय

पूर्ण ४० हेक्टर द्यायचा, हा चाकरमान्यांच्या मंडळाचा कल होता. पडून असलेल्या जमिनीचं दरसाल भाडं कुणाला नको? दुसरा पर्याय सरसकट नकाराचा. तरुणांपैकी काहींना तो हवा होता, याच तालुक्यातल्या बारसूच्या रिफायनरीचा वाद नुकताच पेटून गेला होता आणि बाहेरून येणाऱ्या कुठल्याच कागदावर विश्वास उरला नव्हता. तिसरा, सड्याचा काही भाग अटींवर देण्याचा. चौथा अभियंत्यांनी सुचवला: आधी गावच्या छपरांवर आणि नळपाणी योजनेच्या पंपावर सौर बसवा, त्याला कुणाचीच जमीन लागत नाही.

चौथ्या पर्यायावर सगळे पटकन खूश झाले, तेव्हा बचत गटाच्या अध्यक्षांनी तौक्तेची आठवण करून दिली. मे २०२१ च्या त्या वादळात खांब कोसळले आणि गाव अंधारात गेलं. छपरावर साधं ग्रिडला जोडलेलं सौर संच असलं तरी लाइन बंद झाली की तेही बंद पडतं, बॅटरी असेल तरच दिवा लागतो. वीज अणूची की सूर्याची, यापेक्षा ती घरापर्यंत पोचते का, हा त्यांचा मुद्दा होता. तो अगदी रास्त आहे.

काय केलं

समितीने तिसरा आणि चौथा पर्याय एकत्र करून ग्रामसभेपुढे ठेवला. कंपनीशी तीन बैठका झाल्या. भाड्यासाठी मोजपट्टी म्हणून मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेचा दर धरला, हेक्टरी वर्षाला सव्वा लाख आणि दरसाल ३ टक्के वाढ. कंपनीचा पहिला देकार त्याहून कमी होता.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो पाणी आणि गवतावर. पॅनेल धुवायला पाणी लागतं आणि लाल मातीची धूळ बसते ती नेमकी उन्हाळ्यात, जेव्हा वरच्या वाड्यांना टँकर येतो. गावच्या विहिरीचं किंवा बोअरचं पाणी घ्यायचं नाही, अशी अट घातली. गवत वाढू नये म्हणून कंपनी तणनाशक मारणार होती. ते पऱ्यातून थेट विहिरीत उतरलं असतं, म्हणून तणनाशक बंद आणि रांगांमधलं गवत कापण्याचा हक्क धनगरवाड्याला. म्हशींना आत सोडता येणार नाही, त्या खांबांना अंग घासतात, हे दोन्ही बाजूंनी मान्य केलं. त्या बदल्यात खळगा, पाखाडी, पऱ्याचा उगम आणि कातळशिल्पाभोवतीची जागा कुंपणाबाहेर ठेवायची. मुदत संपल्यावर पॅनेल, खांब आणि काँक्रीट काढून नेण्यासाठी आधीच अनामत ठेवायची. जुने पॅनेल आता ई-कचऱ्याच्या नियमांत येतात, पण ते सड्यावर टाकून मालक गायब झाला तर नियम हातात घेऊन गावाने जायचं कुठे?

अणुप्रकल्पाचा ठरावही बदलला. विरोध कायम राहिला. ‘त्याऐवजी सौर’ हे वाक्य मात्र गेलं आणि त्या जागी प्रश्नांची यादी आली: हलवण्याचा रस्ता, गोळ्यांचा साठा, पाण्याच्या तापमानाची जाहीर नोंद, भूकंपाच्या अभ्यासाचा मराठी सारांश, मच्छीमारांच्या नुकसानीचा हिशेब. मास्तरांनी शेवटपर्यंत नाराजी ठेवली, पण मत ठरावाच्या बाजूने दिलं.

निष्पत्ती

कंपनीने बहुतेक अटी मान्य केल्या, तरी पूर्ण क्षेत्र मिळालं नाहीच. सामाईक खाती, न झालेल्या वारस नोंदी, एकेका सातबाऱ्यावर डझनावारी नावं. शेवटी ज्यांचे कागद स्वच्छ होते अशा थोड्या खातेदारांचीच जमीन भाडेपट्ट्यात आली, साधारण एक तृतीयांश. वैरणीच्या हक्काची अट लेखी आहे, पण ती कंपनी आणि पंचायत यांच्यातल्या करारात आहे, धनगरवाड्याच्या नावावर नाही. उद्या पंचायतीत दुसरी माणसं आली तर तिची अंमलबजावणी त्यांच्या मर्जीवर राहील.

शाळेच्या आणि पंचायतीच्या छपरांवर सौर संच बसले. फेब्रुवारी २०२४ मध्ये पंतप्रधान सूर्यघर योजना आली, तीन किलोवॉटला ७८,००० रुपयांचं अनुदान, त्यात काही घरं आली. जुलैच्या बिलांत पावसाळ्याचा फटका सरळ दिसतो. ज्यांना तो आधी सांगितला होता त्यांची तक्रार नाही.

अणुप्रकल्पाच्या प्रश्नांवर संबंधित कार्यालयाकडून पोच आली, उत्तर नाही. फेब्रुवारी २०२५ च्या अर्थसंकल्पात केंद्राने २०४७ पर्यंत १०० गिगावॉट अणुऊर्जेचं उद्दिष्ट जाहीर केल्यावर समितीने तीच यादी पुन्हा पाठवली.

वेगळं काय करता आलं असतं

चाकरमानी मंडळाला पहिल्या दिवसापासून बसवायला हवं होतं. मुंबईत सभा घेतली ती अटी ठरल्यावर, आणि ‘गावातल्यांनी परस्पर ठरवलं’ हा रोष अजून गेलेला नाही. वारस नोंदींचं काम कंपनी येण्याआधी सुरू झालं असतं तर भाड्याची घासाघीस सगळ्यांनी मिळून केली असती. त्याऐवजी चार-पाच खातेदार एकेकटे कंपनीसमोर बसले.

वापराचा नकाशा हा दुसरा मुद्दा. तो कच्चाच राहिला. ग्रामसभेच्या ठरावाला जोडून त्याची रीतसर नोंद करून घेतली असती तर पुढच्या कुठल्याही प्रकल्पाला, मग तो सौर असो की अणू, ‘ओसाड’ म्हणणं अवघड गेलं असतं. कातळशिल्पाची माहिती पुरातत्त्व विभागाला कळवायची तीही राहून गेली होती, ती आता पाठवली आहे.

आणि बॅटरी. शाळेच्या छपरावरचं संच बॅटरीशिवाय घेतलं, खर्च वाचतो म्हणून. वादळात गावाचा आसरा हीच शाळा असते. निदान तिथे आणि आरोग्य उपकेंद्रात साठवण घ्यायलाच हवी होती. पंचायतीने पुढच्या वर्षाच्या आराखड्यात त्यासाठी तरतूद मागितली आहे, मंजुरी यायची आहे.